थोंगसायच्या हातचं

खामसिंग मामानं सरपंचाकडून आणलेला कागद चटईच्या मधोमध ठेवला. टाइप केलेल्या पाच ओळी. आम्ही खाली सह्या करणारे आपखुशीनं लिहून देतो, की आमच्या घरातल्या अमुक व्यक्तीच्या अंगात पॉब आहे. ते भूत धरायला आमची हरकत नाही. आणि धरून झाल्यावर त्या व्यक्तीनं गाव सोडावं हे आम्हाला मान्य आहे. नावाच्या जागी नुसती टिंबं होती. सरपंच मोठा सभ्य माणूस, नाव घालायचं काम त्यानं घरच्यांवर सोडलं होतं.

"उद्या सकाळी मांत्रिक येतोय," मामा म्हणाला. "अकरा गावं साफ केलीत त्यानं. तो यायच्या आत या सह्या व्हायला हव्यात."

"ताईच्या तोंडावर?" पिकुनच्या आईनं, नूपाननं, विचारलं.

"तोंडावरच. पाठीमागं करायला मी काही चोर नाही."

दुपारचे तीन वाजले असतील. घर उंच खांबांवर उभं होतं, त्याच्या खालच्या सावलीत सगळे बसले होते, आणि थोंगसाय मावशी, जिच्यासाठी ती टिंबं सोडलेली होती, एका खांबाला टेकून चिंचेचे गोळे वळत होती. सहासष्ट वर्षांची बाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, नदीकाठच्या घरात एकटी. खामसिंग आणि नूपानची थोरली बहीण, आणि तिच्याबद्दलच ही बैठक. पण हात रिकामे ठेवायची तिला सवयच नव्हती.

पिकुन दुपारच्या बसनं आली होती. चार तास मांडीवर एक लाकडी पेटी घेऊन. जिल्ह्याच्या गावी ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि बापाचं पत्र मिळाल्यापासून तिला धड झोप नव्हती. पेटी तिनं अजून उघडली नव्हती. आधी सगळ्यांना बोलून घेऊ दे, असं तिनं ठरवलं होतं, आणि आता बुआलिन मामीकडं बघताना त्या ठरवण्याचा तिला पश्चात्ताप होत होता.

मामा-मामीचा मुलगा वीरा जाऊन तीन आठवडे झाले होते. एकोणचाळीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, सहा महिन्यांत हळदीसारखा पिवळा पडून गेला. शहरातल्या दवाखान्यात पोट उघडून बघितलं आणि तसंच शिवून घरी पाठवलं.

"तीन माणसं," मामी म्हणाली. आवाज बसलेला होता. "ताईंचा नवरा. मग शेजारचा सुबन. मग माझा वीरा. तिघंही पिवळे पडले, तिघांचीही पोटं फुगली. डॉक्टर काय म्हणाला? काळीज आतून खाल्लंय. पॉब दुसरं काय खातं हो? आणि तिघंही उठता बसता कुणाच्या हातचं खायचे?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. थोंगसायच्या हातची कच्च्या माशांची कोशिंबीर त्या नदीच्या दोन्ही काठांवर नावाजलेली होती. बारीक चिरलेले पांढरे मासे, वरून लिंबू, भाजलेल्या तांदळाची पूड, मिरची, पुदिना आणि मूठभर लाल मुंग्या. लग्न असो, भाताची लावणी संपलेली असो, तिच्याकडं निरोप जायचाच. वीरा तर लहानपणापासून तिच्या परातीशी बसलेला.

"नूपान, तू काय म्हणतेस?" मामानं विचारलं.

आई घुटमळली. "मी काय म्हणू... ताई ती ताईच. पण लोक आमच्याही घरी यायचे बंद झालेत. परवा विहिरीवर बायका बाजूला सरकल्या. काही दिवस ती पिकुनकडं जाऊन राहिली तर—"

"म्हणजे गाव सोडायचंच ना?" पिकुन म्हणाली.

"मी तसं म्हटलं का?"

"मग कसं म्हटलंस, आई?"

पिकुनचा बाप बुन्मा जरा मागं बसून विडी ओढत होता. घरजावई माणूस, तीस वर्षं त्यानं या घरात मत न मांडण्याचं पथ्य पाळलं होतं आणि ते त्याला चांगलं मानवलंही होतं.

"मी बोलू का?" थोंगसाय मावशीनं चिंच खाली ठेवली. "का माझ्याबद्दल आहे म्हणून मी बोलायचं नाही?"

"बोल, ताई," मामा म्हणाला. त्याला तिच्या डोळ्यांत बघता येत नव्हतं.

"वीरा गेला आणि तुम्ही कुजबुजायला लागलात, तेव्हा मला पहिला राग आला. मग वाटलं, असेलही. ज्याच्या अंगात असतं त्याला स्वतःला कळत नाही म्हणतात. मग मला तरी काय माहीत? तेव्हा मी रोज निजताना पायाच्या अंगठ्याला कच्चा दोरा बांधला आणि दुसरं टोक खांबाला. जरा ओढला की तुटेल असा. पंधरा दिवस बांधतेय. एकदाही तुटला नाही."

पिकुनच्या डोळ्यांपुढं ते आलं. एकटी बाई, रोज अंधार पडला की वाकून स्वतःच्याच पायाला दोरा बांधते, आपण राक्षस तर नाही ना हे बघायला.

"ताई, पॉब काय पायानं चालत जातं?" मामा म्हणाला. "देह तिथंच राहतो. नुसतं ते बाहेर पडतं."

"बरं. मग मी घरी दिसले तर ते बाहेर गेलंय. घरी नसले तर मी गेलेय. दोरा तुटला तर मीच, नाही तुटला तरी मीच. मी काय केलं म्हणजे मी नाही असं ठरेल, तेवढं सांग."

मामानं चटईवरचा कागद उगाच सरळ केला.

"काहीच नाही ना? मग हे असं कसं रे, खामसिंग? जे खोटं पडायला जागाच ठेवलेली नाही, ते खरं आहे हे तुला तरी कशावरून कळलं?"

पिकुन थक्क होऊन बघत राहिली. हीच गोष्ट नववीच्या पोरांच्या डोक्यात घालायला तिला अख्खा महिना लागायचा, आणि तरी निम्म्यांच्या डोक्यावरून जायची. इयत्ता दुसरीत शाळा सोडलेल्या या बाईनं ती चिंच वळता वळता काढली होती. तिला मावशीच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं पेटी उघडली.

"हे काय, रेडिओ?" मामानं विचारलं.

"मायक्रोस्कोप. शाळेतला. सोमवारी परत द्यायचाय, म्हणून हात जरा जपून लावा." पायरीजवळ उन्हाची तिरीप येत होती, तिथं स्टुलावर तिनं तो ठेवला आणि खालचा आरसा फिरवून उजेड धरला. "मामी, वीराला पॉबनं खाल्लं नाही. मला वाटतं, जंतानं खाल्लं. माशांत असतो. फार बारीक, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कच्चा मासा पोटात गेला की तो पित्ताच्या नळीत जाऊन बसतो, वर्षानुवर्षं. काहींना काही होत नाही. काहींना तिथं कॅन्सर होतो."

"कच्चा?" मामा खवळला. "आपण कच्चं खातो का? आपण काय लांडगे आहोत? लिंबानं शिजतो मासा. पांढरा होतो की नाही? वर तांदळाची दारू असते, मिरची असते. कुठला जंत जगेल त्यात?"

"तेच बघू. बाबा, मासे आणलेत?"

बुन्मानं मडकं पुढं सरकवलं. "सकाळचेच आहेत." आणि मग, पथ्य मोडून, "तुमच्याच तळ्यातले, दादा."

पिकुननं माशाच्या मांसाचा इवलासा तुकडा काचेवर ठेवला, त्यावर लिंबू पिळलं, थोडं थांबून दुसऱ्या काचेखाली चेपला आणि डोळा लावला. पहिल्यात काही दिसेना. दुसऱ्यातही नाही. तिच्या कपाळावर घाम आला. मामा मोठ्यानं खाकरला. पाचव्या तुकड्यात ते सापडलं. लांबट थेंबासारखी पिशवी, आत काळा ठिपका, आणि सावकाश कूस बदलणारं काहीतरी.

"हे बघा! लिंबात आहे आणि जिवंत आहे!"

"थांब," थोंगसाय मावशी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "तू मला वाचवायला आलीयस."

"हो, मग?"

"मग तुला जे दिसायला हवंय ते दिसेल. मामाला भूत दिसतं तसंच. तू पाठ करून बस."

"मावशी, अगं, मी शिकवते हे!"

"म्हणूनच म्हणतेय. पाठ कर."

बुन्मा फसकन हसला आणि विडीचा धूर नाकात गेल्यामुळं खोकत बसला. पिकुन पाठ करून बसली. गाल तापले होते, पण आत कुठंतरी विलक्षण आनंद होत होता. मावशीनं सुरी मागवली, चूल पेटवायला लावली, मामीच्या हातात लिंबू दिलं. "बुआलिन, तू पिळ. तुझा माझ्यावर विश्वास नाही, तर तूच पिळलेलं बरं. जेवायला घेतो तेवढं पिळ, कमी नको. आणि खामसिंग, दारू तू घाल, त्यात तू कंजूषी करणार नाहीस." माशांचे तुकडे वाट्यांत वेगवेगळे झाले: नुसते, लिंबातले, लिंबू मिरची दारूतले, उकळत्या पाण्यातले. जेवणाला बसून उठावं इतका वेळ तिनं ते तसेच ठेवले. मग कुठल्या वाटीतलं कुठल्या काचेवर हे फक्त तिनं मनात ठेवलं आणि एकेक जोडी पिकुनच्या हातात दिली.

एकेका काचेला फार वेळ लागला. सगळे ताटकळत बसले.

"ही जिवंत," पिकुन म्हणायची. "हीही. ही मेलेली, अजिबात हालचाल नाही. ही जिवंत. ही... मेलेली."

"पाच झाल्या," मावशी म्हणाली. "वाट्या चार होत्या. उकडलेले मी दोनदा दिले, तू फसतेस का बघायला. मेलेल्या म्हणालीस त्या दोन्ही उकडलेल्याच होत्या. बाकी सगळ्या जिवंत." ती पायरीवर बसली. "दारूतसुद्धा, खामसिंग. तुझ्या दारूतसुद्धा."

मग एकेकजण उठला. आईनं बघितलं आणि तोंडावर पदर धरला. मामानं आधी चुकीचा डोळा मिटला, मग बराच वेळ बघत राहिला आणि जागेवर जाऊन बसला. मामी सगळ्यांत शेवटी गेली. ती वाकून इतका वेळ राहिली, की पिकुनला वाटलं तिला दिसत नसावं.

"दिसतंय, मामी?"

"हलतंय," मामी म्हणाली. "त्याच्या पोटात असं हलत होतं?"

"पोटात गेलं की मोठं होतं. पानासारखं चपटं होतं."

मामीनं डोळा काढला नाही. मामाच मागून बोलला. "म्हणजे शेवटी तेच ना? भूत म्हणा, जंत म्हणा. तिच्याच हातून गेलं ना? तिनंच भरवलं माझ्या पोराला! टिंबांवर नाव तिचंच येणार!"

पिकुनला हे आधीच सुचायला हवं होतं. बसमध्ये चार तास तिनं सगळ्या शंकांची उत्तरं जुळवली होती, फक्त ही सोडून. जे तिनं मावशीला सोडवायला आणलं होतं, तेच मामानं उचलून मावशीवर फेकलं होतं. मावशी स्वतःच्या तळहातांकडं बघत बसली होती.

"मामा, हा एकट्या मावशीच्या परातीतला जंत नाही," पिकुन म्हणाली. "या नदीतल्या, या तळ्यांतल्या माशांतला आहे. जो कच्चा खाईल त्याला."

"पण वीरा त्यानंच गेला, हे तू छातीठोक सांगशील?"

हो म्हणून टाकावं असं तिला वाटलं. एक शब्द, आणि प्रश्न मिटला असता. "नाही," ती म्हणाली. "छातीठोक नाही सांगता येत. डॉक्टरांनी पित्ताच्या नळीचा कॅन्सर लिहिलाय, आणि इथं तो ज्यांना होतो त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात हा जंत सापडतो. एवढंच मला माहीत आहे. वीराच्या पोटातला मी बघितलेला नाही."

"बघा! हिलाच माहीत नाही!"

"माहीत नाही ते माहीत नाही म्हणतेय, मामा. तुमचा मांत्रिक कधी म्हणालाय असं?"

"पिकुन." मामी सरळ उभी राहिली होती. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

कोंबड्या मडक्याभोवती फिरत होत्या.

"सहा वर्षं. कॉलेजात शिकवलं होतं."

"गेल्या वर्षी लावणी संपल्यावर आपण इथंच जेवलो. वीरा तुझ्या शेजारी बसला होता."

"हो."

"तू काय केलंस?"

"मी... मासे भातात लपवले आणि मागं कुत्र्याला टाकले. बोलले नाही. मला वाटलं, शिकून आली आणि शहाणपणा शिकवते म्हणाल. मावशीला वाईट वाटेल." "मी भित्री होते, मामी. मला माफ कर, असं कुठल्या तोंडानं म्हणू?"

आई उठायला गेली. बुन्मानं तिचा हात धरून खाली बसवलं. मामी पिकुनकडं बघत होती, आणि आता ती काय करेल याचा कुणालाच अंदाज नव्हता. मारली असती तरी पिकुननं चुकवलं नसतं.

पण मामी वळली ती मामाकडं. "मासे कुणाच्या तळ्यातले होते?"

"आं?"

"त्या दिवशीचे. मासे कुणी धरले होते?"

"मी," मामा म्हणाला.

"लिंबं माझ्या झाडाची. वीरा आजारी पडल्यावर, तोंडाला चव नाही म्हणाला म्हणून, मी स्वतः दोनदा करून घातली. ताईंना सांगितलंही नाही. दोनदा." ती चटईवर बसली. तीन आठवडे जे रडू अडकून राहिलं होतं ते आता आलं, आणि आलं तसं तिनं येऊ दिलं. "पेन दे. नाव लिहायचंय ना? लिही. बुआलिन. माझं लिही पहिलं."

"वेडी झालीस का?"

"लिही म्हणते ना! पॉब ज्यानं त्याला खाऊ घातलं त्याच्या अंगात असतं, असंच ना तुझं म्हणणं? मग माझं लिही. तुझं लिही. लिहीत नसशील तर मी सरपंचाच्या दारात जाऊन बोंबलते."

मामानं खिशातलं पेन काढलं. बायकोकडं बघितलं, मायक्रोस्कोपकडं बघितलं. मग त्यानं मान खाली घातली आणि टिंबांवर लिहिलं: बुआलिन. त्याखाली, फार दाबून: खामसिंग.

"माझं घाला," बुन्मा म्हणाला. "गेल्या वर्षी मासे साफ मी केले होते."

"मी वाढले," आई म्हणाली, आणि रडायला लागली. "ताई, मी तुला घालवायला निघाले होते गं."

"माझंही," पिकुन म्हणाली. "गप्प बसणारी म्हणून."

कागदावर जागा उरली नाही तशी मामानं नावं समासात चढवली. "हे नेऊन देतो सरपंचाला. म्हणावं, धरायचं तर सगळ्यांना धर आणि अख्ख्या घराला गावाबाहेर काढ. आमची हरकत नाही." गेल्या तीन आठवड्यांत त्याच्या तोंडून पहिल्यांदा काहीतरी जुन्या खामसिंगसारखं निघालं होतं. कागद घडी करून तो उठला.

"दे इकडं," थोंगसाय मावशी म्हणाली.

"ताई, तुझं नाव नाही घातलेलं. कुणी घालणारही नाही. तू कुठं जायची नाहीस."

"नाही घातलं ते बघितलंय मी. म्हणूनच दे म्हणतेय. खरं करायला बसलोत ना आपण? चाळीस वर्षं या हातांनी गावाला खाऊ घातलंय. माझ्या नवऱ्याला घातलंय. सगळ्यांची नावं लिहून माझं तेवढं गाळलंत, तर तो कागद पुन्हा खोटाच झाला." तिनं कागद चटईवर सपाट केला आणि बोट ठेवून उरलेली जागा दाखवली. "लिही: थोंगसाय. भूत म्हणून नको. रांधणारी म्हणून लिही. आणि खाली लिही, की उद्या सकाळी मांत्रिकाचं आवरलं की गावातल्या सगळ्या रांधणाऱ्यांनी माझ्या चुलीशी यावं. मासा किती उकळला म्हणजे ते हलायचं थांबतं, हे मला आणखी चार वेळा तपासून बघायचंय, आणि पिकुनची पेटी सोमवारी परत जायचीय."

मामानं डोळे पुसले आणि लिहिलं.